जरादावरची अष्टमी

शनिवार, ८ नोव्हेंबर

कॉलेजचा मित्र जयेश आणि त्याची बायको कश्मिरा पुण्याहून आले. बाकरवडी, मेतकूट, नव्या वर्षाचं कॅलेंडर आणि ग्रीसच्या बेटांचे फोटो. फोटो संपता संपेनात. जयेश निळ्या पाण्यात उडी मारताना. जयेश वर येताना. जयेश नुसताच ओला. मी म्हणालो, आम्ही तर राहतोच बेटावर. जयेश म्हणाला, मग दाखव की एखादं, तू दर वीकेंडला समुद्रात पोहतोस असं लिहितोस ना ग्रुपवर. माझी बायको लीना उठून किचनमध्ये गेली.

हो, लिहितो. कॉलेजच्या ट्रिपला नदी बघून मी रडलो होतो, ते हा अजून लग्नकार्यांत सांगतो. बहारीनला आल्यापासून ग्रुपवर मी दर्यावर्दी आहे. हा आठवडा तेवढं टिकलं पाहिजे. बाकी काही नको.

रविवार, ९ नोव्हेंबर

ठरलं. जरादा. ओहोटीला समुद्रात वाळूचं बेट वर येतं, भरतीला गडप. ग्रीसमध्ये आहे का असलं काही? आमच्या अकाउंट्समधल्या मुझम्मिलची छोटी बोट आहे. आम्ही दोघांनी बुधवारची लीव्ह टाकली. वीकेंडला तिथे बार्बेक्यूवाल्यांची गर्दी असते आणि गर्दीत मला पोहता येत नाही. हे वाक्य खरं आहे. एकांतातही येत नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

भरतीचं गणित केलं. सासरे गुहागरचे. त्यांचा नियम सोपा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. बुधवारी अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला पूर्ण भरती म्हणजे बाराला पूर्ण ओहोटी. चारपर्यंत बेट कोरडं ठणठणीत. मुझम्मिलला सांगितलं, आम्हाला सोडून तू मासे पकडायला जा, चारला ये. तो दाभोळचा, त्याला हा नियम माहीत आहे. तरी म्हणाला, राजनभाई, ते आपल्या खाडीत, इथे मफी, चालत नाही, इथे app बघायचं. बघितलं app. भलतंच काहीतरी दाखवतं. कुठे पंचांग, कुठे app. इथला चंद्र काय वेगळा आहे?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

झोप नाही. AC चा आवाज. YouTube वर पोहण्याचे धडे पाहिले, गादीवर पालथं पडून हातपाय मारले. लीनाने विचारलं, हे काय. योगासन म्हणालो. मग तिने विचारलं, उद्याचं रद्द करू या का, माझं डोकं दुखतंय असं सांगते. मी म्हणालो, तुला भीती वाटत असेल तर सरळ सांग, माझ्यामागे कशाला लपतेस. तिने चादर डोक्यावरून ओढून घेतली. घाबरली असणार बिचारी.

बुधवार, १२ नोव्हेंबर, सकाळ

लाइफ जॅकेट पार्किंगमध्येच घातलं. कमरेला आधार मिळतो, असं जयेशला सांगितलं. बोटीत मी मधोमध, डोळे मिटून. बोट बॅलन्स करत होतो.

दुपारी १२ (फोनवर लिहितोय)

पोचलो. मुझम्मिल गेला. पांढरी वाळू, चारी बाजूंना पाणी, दुसरं कोणी नाही. जयेश आणि कश्मिरा पोहतायत. जयेश हाक मारतोय. मी म्हणालो, जेवणानंतर. आमच्याकडे उलटा नियम आहे.

१.१५

चटई भिजली. कोणीतरी पाणी सांडलं असेल.

१.३०

कोणीही सांडलेलं नाही.

१.४०

बेट आमच्या हॉलएवढं उरलंय. चारला अजून किती वेळ आहे. मुझम्मिलचा फोन लागत नाही. मी शांत आहे. लीना सँडविच वाटतेय. या बाईला परिस्थितीचं गांभीर्य नाही. जयेशला विचारलं, ग्रीसमध्ये असं व्हायचं का. तो म्हणाला, नाही रे, हे बेस्ट आहे.

१.५५

बेट गेलं. मी बर्फाच्या पेटीवर उभा आहे. वरून टेहळणी नीट होते. खूप भीती वाटतेय. पेटी हलतेय. सासऱ्यांनी मुलगी खरी दिली आणि गणित खोटं दिलं. देवा, पुन्हा कधी ग्रुपवर काही लिहिणार नाही. लीना, लॉकरची चावी देव्हाऱ्यामागे आहे.

संध्याकाळी, घरी

मुझम्मिल दोनलाच आला. माझ्या प्लॅनिंगमध्ये मार्जिन असतंच. पाणी शेवटी घोट्याच्या थोडं वर होतं, हे मान्य. पण वाढत होतं. बोटीत चढताना जयेशचा तोल जाऊ नये म्हणून मी त्याची मान दोन्ही हातांनी घट्ट धरली. उतरेपर्यंत धरली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

लीनाला म्हणालो, मुझम्मिल बरा लवकर आला. ती म्हणाली, सोमवारीच मी त्याला फोन केला होता, बाबांचं गणित गुहागरच्या पुढे चालत नाही. मग आधी का बोलली नाहीस, असं विचारलं. म्हणाली, तू किती आनंदात होतास.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दोघांना एअरपोर्टवर सोडलं. जरादाचा विषय कोणीच काढला नाही. म्हणजे कोणाच्या काही लक्षात आलं नाही. जयेशने निघताना मिठी मारली. त्याच्या मानेवर माझ्या नखांच्या खुणा दिसत होत्या. डास चावले असतील, म्हणालो. तो हो म्हणाला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

जयेशने कॉलेजच्या ग्रुपवर फोटो टाकला. मागे नुसता निळा समुद्र, पुढे मी, उंचावर, नजर लांब. खाली लिहिलंय, राजनने समुद्र दाखवला. ग्रुपवर सगळे वेडे झालेत. कॅप्टन म्हणतायत मला. सकाळपासून फोन ठेवला नाही.

फोटो छातीपासून वरचाच आहे. पेटी नाही, पाय नाहीत, पाणी किती होतं तेही दिसत नाही. एकदम नेमक्या जागी कापलाय. नेमकं कुठे कापायचं हे जयेशला कसं कळलं, याचा दुपारपासून विचार करतोय.