गरुडांचं नाव, कावळ्याच्या तोंडी

प्रिय डेल्मर,

परवापासून मी पोटभर जेवते आहे. तू फोनवर विचारत होतास ना, आई, तुझा आवाज असा का येतो? आजारी नव्हते रे. एक गोष्ट मनात घेऊन बसले होते, ती बाहेर पडली.

इकडे ऊन चांगलं पडलंय. खायचं समुद्रशेवाळ खडकांवर दोन दिवसांत कडकडीत वाळलं, तुझी पिशवी वेगळी काढून ठेवली आहे. ग्रंथालयातलं जाड पुस्तक संपत आलं. बाबा होते तेव्हा मी मोठ्याने वाचायची आणि ते मध्येच म्हणायचे, "हा माणूस इतका का बोलतो गं?" मी अजूनही मोठ्यानेच वाचते. अडवायला कुणी नाही, म्हणून पानं भराभर सरतात.

आता खरी गोष्ट. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात बाबांनी तुला स्वतःचं, आपल्या हायडा भाषेतलं नाव दिलं. चार दिवस तुझा कान तोंडाशी ओढून ते नाव म्हणायचे, तुझ्याकडून म्हणवून घ्यायचे, चुकलास की मान हलवायचे. पण आपल्यात नाव आईच्या कुळात राहतं. बाबा गरुड कुळातले, मी कावळा कुळातली, म्हणून तूही कावळा. ते नाव त्यांच्या बहिणीच्या, मर्टल आत्याच्या मुलाच्या, कर्टिसच्या हक्काचं. हे तुला ठाऊक होतं, मलाही. पण मरणाऱ्या माणसाला कोण अडवणार? त्यातून तुझा चेहरा इतका फुलला होता! आपण दोघंही गप्प बसलो.

परवा मर्टल आत्या शेवाळ उलटायला आली. ऑक्टोबरात बाबांच्या थडग्यावर दगड बसवून गावाला जेवण घालायचं, त्याच दिवशी कर्टिसला नाव द्यायचं, असं तिने ठरवलंय. म्हणाली, "वहिनी, दादाचं नाव जरा म्हणून दाखव. मला आठवतं, पण गळ्यातून निघत नाही." तिला सहाव्या वर्षी गोऱ्यांच्या निवासी शाळेवाले घेऊन गेले आणि मारून मारून तिची भाषा बंद केली. बाबांना आजीने मासेमारीच्या तळावर लपवलं, म्हणून त्यांची टिकली. पण भाषेच्या वर्गातले लोक रेकॉर्डर घेऊन आले, तेव्हा "नावं यंत्रात घालायची नसतात" म्हणत बाबा उठून गेले. आणि मला कुठलं ते नीट म्हणता येतंय? मी जन्मभर त्यांना 'ए म्हाताऱ्या' म्हणत आले.

माझ्या फोनवर तुझ्या आवाजातला नाताळातला निरोप होता. त्यात तू "आई, मी बोलतोय" म्हणताना तेच नाव सांगितलंयस. कबुली म्हणून मी तोच लावला. वाटलं, चाळीस वर्षं जपलेली नणंद आज माझ्या घरातून कायमची जाते, आणि भरल्या जेवणात सगळे तुला नावचोर म्हणतात.

आत्या म्हणाली, "परत लाव." लावला. "परत." मग डोळे पुसून म्हणाली, "हा दादाचाच गळा. वेडा म्हातारा! द्यायला चुकला, पण शिकवायला नाही चुकला." आणि माझ्याकडे वळून, "आणि तू गं? सात महिने हे लपवून माझ्या हातचं शेवाळ खात होतीस?" आम्ही दोघी खडकावर बसून इतक्या हसलो, की खालचे पक्षी उडाले. हसता हसता मी रडले. ते गेल्यापासून असं मोकळं रडले नव्हते.

हे फोनवर मला सांगता आलं नसतं, म्हणून लिहिलं. डेल्मर, ते नाव तुला ठेवता येणार नाही. पण आज ते नीट म्हणणारा तू एकटाच आहेस. आत्याने निरोप दिलाय: सप्टेंबरात ये, महिनाभर कर्टिसला शिकव, बाबांनी तुला शिकवलं तसंच, कानाशी. जेवणाच्या दिवशी सगळ्यांसमोर ते आधी तू म्हणायचंस, मग तो म्हणेल, आणि त्यानंतर ते त्याचं. गरुडांकडच्या मयताची आणि त्या जेवणाची कामं कावळ्यांनी करायची, ही आपली रीत. बाबांची कबर तूच खणलीस, हेही तूच कर. बोटीचं कळव, मी धक्क्यावर येते.

तुझीच,
आई