कंजूषमामाचं लोह

प्रिय दादा,

फोन केला नाही, कारण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, ही आपली लहानपणापासूनची रीत. कागदाला मध्येच तोडता येत नाही. तुझ्याकडे माल घेऊन निघालेल्या ड्रायव्हरच्या हाती हे देतेय. शेवटपर्यंत वाच, मग काय आदळआपट करायची ती कर. वहिनी माझ्याकडे आहे. शाळेच्या जिन्यात तिला चक्कर आली आणि ती कठडा धरून तिथंच बसली. तू दौऱ्यावर, म्हणून शाळेनं मला बोलावलं. पोटातलं बाळ ठीक आहे. वहिनी ठीक नाही, हिमोग्लोबिन सातावर आलंय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना? त्यावर वहिनीनं पर्समधून तू विकतोस त्या पुडीचा डबा काढला आणि कौतुकानं म्हणाली, हे घरचंच आहे, ह्यांनी शोधलंय. बाई एकदा डब्याकडे बघत होत्या, एकदा माझ्याकडे. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

काय छापलंयस रे त्या डब्यावर? ‘अंड्याच्या बलकातलं लोह, रोज एका चमच्यात मिळतं.’ मिळतं! तुझ्या प्रबंधात ‘असतं’ होतं. बलकात लोह असतं. तो सगळा प्रबंध टाइप करताना माझी बोटं झिजली आहेत, मला काय शिकवतोस? असतं आणि मिळतं यांच्यात किती अंतर आहे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? बलकातलं लोह धरून बसणाऱ्या प्रथिनाला, फॉस्व्हिटिनला, ‘कंजूषमामा’ हे नाव प्रयोगशाळेत तूच ठेवलंस. मी नवीन होते, तेव्हा तू फळ्यावर अंगभर नांग्या असलेला खेकडा काढून मला समजावलं होतंस, की या प्रथिनाच्या साखळीत निम्म्याहून जास्त कड्यांना फॉस्फेट लटकलेलं असतं, त्या प्रत्येकावर ऋण भार, आणि लोह हाताशी आलं की सगळे मिळून त्याला जखडतात. मग आपण काचेच्या भांड्यात खोटं पोट तयार केलं. आम्ल घातलं, पाचकरस घातले, बलक उकळूनही पाहिला. लोह बहुतेक सगळं मामाच्याच मुठीत. तू मला टाळी देऊन म्हणालास, छोटे, मामानं जेवायला बोलावलं, ताट वाढलं आणि आपले हात बांधून ठेवले! आठवडाभर आपण त्यावर हसत होतो. आता तेच ताट तू बायकोपुढे वाढलंस.

कोंबडीवर माझा राग नाही. तिनं ते पिल्लासाठी राखलंय, आणि कवचाआड वाढणाऱ्या पिल्लाला एकेक फॉस्फेट सोडवून ते कुलूप उघडता येतं. आपल्या आतड्याला ते धड जमत नाही. उलट तुझी पूड जेवणातलं लोहही धरून बसते, म्हणजे न देणारा तो न देणारा, वर दुसऱ्यानं दिलेलं हिसकावणारा. आणि तुला विकायचंच होतं, तर खरं सांगूनही विकता आलं असतं रे! मोकळं लोह तेल खवट करतं, आणि मामा ते घट्ट धरतो म्हणून तर तेल लवकर खवट होत नाही. तेल टिकवायची पूड म्हणून वीक, मी स्वतः दारोदार हिंडेन. पण तू पहारेकऱ्याला दानशूर म्हणून उभा केलास आणि गिऱ्हाईक शोधलंस ते कोणतं, तर पोटुशी बाई.

मी वहिनीला सगळं समजावलं. खेकडासुद्धा काढून दाखवला. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “वन्सं, भांडण तुमचं आणि ह्यांचं. त्यात माझ्या गोळ्या कशाला?” तू प्रयोगशाळा सोडलीस त्याचा राग मी असा काढतेय, असं तिला वाटतं. डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं, तर तुझंच वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवलं, की डॉक्टर काय, सगळ्यांनाच गोळ्या लिहून देतात. मी डबा लपवला, तिनं शोधून काढला. चक्कर आल्याचं तुला कळवू नका म्हणाली, ह्यांच्यामागे आधीच व्याप कमी आहेत का! इतका विश्वास माझ्यावर कुणी टाकला असता, तर मला धड झोप लागली नसती. तुला लागते?

तुला शिव्या घालायला मी लिहायला बसले नव्हते, त्या ओघात आल्या आणि मी त्या मागे घेणार नाही. लिहिलं ते एवढ्यासाठी, की गोळ्यांचं पाकीट तिच्या उशाशी न फाडता पडलंय आणि मी हरलेय. माझ्या शब्दाला तिच्याकडे किंमत नाही, तुझ्या शब्दाला आहे. तुझ्या धंद्याचं काय ते आपण नंतर भांडू, मी काही सोडणार नाही. पण आत्ता, हा कागद हातात असतानाच, तिला फोन कर आणि म्हण, मी चुकलो, गोळ्या घे. तिनं गोळी गिळेपर्यंत फोन ठेवू नकोस.

रागावलेली, तरी तुझीच,
छोटी