पूल, तलाव, टाकं

४ मार्च
बाबांच्या गुडघ्याचं डॉक्टरांनी सांगितलं: ऑपरेशनचं नंतर बघू, आधी दोन महिने रोज अर्धा तास कमरेएवढ्या पाण्यात चाला. सहा मेला परत दाखवायचं. पाणी घरामागेच आहे. दादा-वहिनींनी हौसेने स्विमिंग पूल बांधला, चोवीस बाय बारा, आणि हौस फिटल्यावर विसरले. सध्या रंग मेथीच्या भाजीचा. वर कडुलिंबाची पानगळ. त्यात मी बाबांना पाऊल ठेवू देणार नाही.
तळ साफ करणारा रोबो घ्यायचं ठरलं. निवड माझ्याकडे. वहिनी म्हणाली, तूच बघ गं, माझ्या कॉलेजात परीक्षा आहेत. म्हणजे हे काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही हे तिनेही मान्य केलं.
आठवड्यात संपवते.

५ मार्च
तक्ता आखला. चौथीपर्यंत मला बाबांनी घरीच शिकवलं. तेव्हापासूनचा नियम: तीन ठिकाणी पडताळल्याशिवाय उत्तर पेनाने लिहायचं नाही. रकाने एकोणीस. पेन्सिलीने.
कुंताबाईंना ताकीद दिली. त्या आमच्याकडे धुणीभांडी करतात, बाबांना गुरुजी म्हणतात, आणि कुणी न सांगता बांबूला जुनी मच्छरदाणी बांधून पुलातली पानं काढतात. वर फडक्यात तुरटी बांधून पाण्यात फिरवतात. शास्त्रीय आधार विचारला. म्हणाल्या, आधार कायले पायजे, गाळ खाली बसते ना. शिवाय पूल नाही म्हणत, टाकं म्हणतात.
त्यांच्यावर राग नाही. पण रोबो येईपर्यंत पाण्याला कुणी हात लावायचा नाही. तसा कागद भिंतीवर चिकटवला.

९ मार्च, रविवार
एकाच रोबोला एकाने पाच तारे दिले, दुसऱ्याने एक. दोघांनाही पत्ता मागितला. उत्तर नाही. लोकांना जबाबदारी नको असते.
वहिनी जाता जाता म्हणाली, अजून चाललंच आहे का, मी मिक्सर दहा मिनिटांत घेतला. मिक्सर पाण्यात उतरत नाही, असं सांगणार होते. सांगितलं नाही. माझा संयम या घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

११ मार्च
नागपूरच्या सफाई यंत्रांच्या विक्रेत्यांना पत्र टाकलं. मेसेज नव्हे, पत्र. लिहिलं की आमच्या पुलाची लांबी चोवीस फूट, रुंदी बारा, खाली पाणी साचलेले असून पाने पडतात, तरी योग्य यंत्र सुचवावे. शुद्धलेखन दोनदा तपासलं. पूल दीर्घ, पुलाची ऱ्हस्व. उत्तराची हमी आहे.

१८ मार्च
त्यांचा माणूस आला. बंडूजी नाव. रस्ते झाडायच्या गाडीचं माहितीपत्रक घेऊन. दारातच विचारलं, ताई, पूल कोन्त्या नाल्यावर हाय? मी त्याला घरामागे नेलं. तो पाण्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. म्हणाला, याले पूल काऊन लिवलं, आमच्या सायबानं तं वरून ट्रक जाते का म्हनून इचारलं. घरगुती यंत्रं ते ठेवतच नाहीत.
पत्र नीट वाचायचं नाही आणि वर मलाच विचारायचं. चहा दिला. बिस्किटं दिली नाहीत.
आठवड्याची मुदत वाढवली. कारण बंडूजी.

२४ मार्च
दुसरं पत्र, अमरावतीला. आता शंकेला जागाच नको म्हणून 'पोहण्याचा तलाव' लिहिलं. मग 'पोहण्याचा' खोडलं. बाबा पोहणार नाहीत, चालणार आहेत. खोटं कशाला लिहायचं?

३ एप्रिल
अमरावतीहून फोटो आला. पुढे पट्टा लावलेली बोट आहे, जलपर्णी काढणारी. तलाव किती हेक्टर आहे आणि मच्छीमार सोसायटीची संमती घेतली का, विचारलंय.
वहिनी हसून हसून ओट्याला टेकली. तिने दादाला बुटीबोरीला ड्यूटीवर व्हिडिओ कॉल लावला. तोही हसला. ज्यांच्या पुलासाठी मी महिना घालवला तेच. त्यांच्या हसण्याची मिनिटं मी मोजली नाहीत, पण चारच्या वर होती.
बाबांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? म्हणाले, सावकाश बघ, घाई नाही. एकटे तेच मला समजतात. केस ओले होते. हल्ली दोनदा अंघोळ करतात, ऊन वाढलंय.
चांगली गोष्ट: पाणी जरा निवळलेलं दिसतं. मी कागद लावल्याचा परिणाम. माणसांनी ढवळणं थांबवलं की निसर्ग आपोआप काम करतो.

१० एप्रिल
पत्रव्यवहार बंद. वर्ध्याच्याच एकाला फोन केला. स्थानिक माणसाशी स्थानिक भाषेत बोलावं म्हणून मन मारून कुंताबाईंचा शब्द वापरला: टाकं साफ करायला मशीन पाहिजे. त्याला लगेच समजलं. परवा सकाळी येतो म्हणाला.

१२ एप्रिल
सकाळी सातला दोन माणसं मशीन घेऊन आली. मी दात घासत होते. ती सरळ गच्चीवर गेली आणि पिण्याची टाकी रिकामी करून घासून काढली.
तेव्हा वहिनी डोक्याला शाम्पू लावून नळाखाली उभी होती. आठ वाजता तिचं सुपरव्हिजन. बाथरूमच्या दारातून म्हणाली, लीना, तो पूल राहू दे, आधी मला साफ कर. कुंताबाई विहिरीवरून बादली घेऊन आल्या. जाताना मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, मशीन तं लय भारी निंगालं.
टाकी स्वच्छ झाली याबद्दल एकानेही आभार मानले नाहीत.

१५ एप्रिल
वहिनी तीन दिवस बोललेली नाही. शांततेत काम बरं होतं.

२१ एप्रिल
तीन रोबो उरले. क्रमांक एक भिंतीवर चढतो, पायऱ्यांवर नाही. क्रमांक दोन पायऱ्या घेतो, कोपरे सोडतो. क्रमांक तीन सगळं करतो, पण वजन अकरा किलो. तो बाबांनी उचलला आणि गुडघा गेला तर? ज्याच्यासाठी घ्यायचा त्यालाच पाडायचा?
मागच्या खिडकीला जाड पडदा लावला. पाण्याची चकाकी स्क्रीनवर येते. कुलरही फुल ठेवते, बाहेरचा आवाज नको. तरी संध्याकाळी कुंताबाई अंगणात कुणाला तरी सांगत होत्या, डावीकडून घ्या, तिकडं पानं राह्यले. अंगण झाडायलाही आता माणूस आणतात वाटतं. विचारलं नाही. एकावेळी एक प्रश्न.

३० एप्रिल
अक्षय तृतीया. वहिनी बोलली. आज घेऊन टाक, मुहूर्त आहे. मुहूर्तावर यंत्र घेणं माझ्या तत्त्वात बसत नाही. उद्या घेणार होते, पण आज घेऊ नये म्हणून उद्या घेतला असं तिला वाटेल. म्हणून उद्याही नाही.

५ मे. संध्याकाळ
ठरलं. क्रमांक दोन. पेनाने लिहिलं. ऑर्डर उद्या, डॉक्टरांकडून आल्यावर.
डॉक्टरांसाठी एक पान लिहून ठेवलं: व्यायाम सुरू होऊ शकला नाही, कारणे खालीलप्रमाणे. बंडूजी, अमरावती, वर्धा, वहिनी. कुणालाही दोष न देता. बाबांना ऑपरेशन सांगितलं तर मी स्वतःला माफ करणार नाही. पण कागदावर चूक कुणाची ते स्पष्ट असावं.
जेवताना बाबांच्या ताटात दोनदा भात वाढला. का म्हणून विचारू लागले. काही नाही म्हटलं.

६ मे
डॉक्टरांनी बाबांचा गुडघा दाबला, वाकवला, त्यांना दोनदा उठायला-बसायला लावलं. म्हणाले, ऑपरेशन तूर्त नको. दोन महिने नेमाने चाललात, पेशंट असं ऐकत नाहीत हो.
मी म्हटलं, सर, अजून सुरुवातच झाली नाही. आणि पान पुढे केलं.
डॉक्टर बाबांकडे बघू लागले. बाबा पंख्याकडे.
ऑटोत त्यांनी सांगितलं. सात मार्चपासून सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला ते कुंताबाईंचा बांबू घेऊन उतरतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत मच्छरदाणी ढकलत चालतात. तुरटीचं फडकं दुसऱ्या हातात. कुंताबाई काठावर बसून पान कुठे राहिलं ते सांगतात. एकाच चालण्यात गुडघाही होतो आणि तळही. वहिनीला माहीत. दादाला माहीत. वहिनी रविवारी पोहतेसुद्धा.
मला का सांगितलं नाही, असं विचारलं. बाबा म्हणाले, तू पडताळत होतीस. मीच शिकवलेलं, मध्ये कसं थांबवू?
घरी कुंताबाईंना विचारलं तर त्या पदराने हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, गुरुजी म्हने तिले सांगू नोको, नाईतं माह्यं नाव तक्त्यात टाकंन अन् पास व्हयेपर्यंत मले पान्यात उतरू देनार नाई.
जेवले नाही. म्हणजे आठ वाजेपर्यंत.

७ मे. सकाळी ६.१०
पाहणीसाठी मागे गेले. तळाला निळ्या फरशा आहेत. दोन महिन्यांत मला दिसल्या नव्हत्या. एकोणीस रकान्यांत फरशीचा रंग नव्हता.
बाबा पाण्यात, पाठ ताठ, बांबू पुढे. माझ्यापाशी येऊन थांबले. म्हणाले, कोपऱ्यांत मला वाकता येत नाही, तेवढे तू घे. मी म्हटलं, आधी पाणी प्रयोगशाळेत पाठवू, मग ठरवते. त्यांनी मान डोलावली आणि वळून चालू लागले. वहिनी काठावर चहा पीत होती. तिने कप उचलून मला उतरायला जागा करून दिली, ते जास्त लागलं.
कुंताबाईंनी हातात खराटा दिला.

६.५०
पाणी गुडघ्यापर्यंत थंड, वर कोमट. तीन कोपरे घासले. चौथ्याबद्दल कुणी काही बोलण्याआधी बाहेर येत होते. कुंताबाई म्हणाल्या, ताई, एक राह्यला.