अकरा उदाहरणे आणि अर्जदाराची आई

प्रति,
मा. प्राचार्य तथा अध्यक्ष,
परीक्षा गैरप्रकार चौकशी समिती,
तेजोमय कला महाविद्यालय, वर्धा.

अर्जदार : कु. अंकिता मीराबाई ताकसांडे, बी.ए. तृतीय वर्ष, इंग्रजी साहित्य, रा. नालवाडी, वर्धा.

विषय : स्वतःच्या आईचे बोलणे चोरल्याच्या आरोपातून मुक्त करून परीक्षा अर्ज विद्यापीठाकडे पाठविणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस, दि. ३ मार्च २०२५.

महोदय,

चौकशीच्या अर्जात ‘मी’ लिहू नये, ‘अर्जदार’ लिहावे, असे कार्यालयातील बाबूंनी बजावले आहे. त्यामुळे खाली जिथे जिथे रडू आल्याचा उल्लेख येईल, तिथेही ते अर्जदारासच आले असे समजावे, ही विनंती.

१. अर्जदाराने कवितांतील अलंकारांवर जानेवारीत गृहपाठ सादर केला. त्यात प्रत्येक अलंकार समजावण्यासाठी घरच्या बोलीतील एकेक, अशी चौदा उदाहरणे दिली. त्यांपैकी अकरा उदाहरणे प्रा. कैलास ढोके यांच्या डिसेंबरात निघालेल्या मार्गदर्शिकेतून उचलली आहेत, असे नोटिशीत म्हटले आहे. सात दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास अर्जदाराचा परीक्षा अर्ज पुढे जाणार नाही, म्हणजे वर्ष बुडेल. उदाहरणे शब्दशः सारखी आहेत हे अर्जदारास मान्य आहे. कोणी कोणाची उचलली, एवढाच वाद आहे.

२. प्रथम वर्षात अर्जदारास मेटाफर (रूपक) म्हणजे काय हे कळत नव्हते. वर्गात सर्वांत मागच्या बाकावर बसून ती व्याख्या पाठ करी आणि घरी जाईपर्यंत विसरे. तेव्हा ढोके सरांनीच सांगितले, “व्याख्या सोड. घरी आई कशी बोलते ते ऐक आणि वहीत लिही.” हे उपकार अर्जदार आजही नाकारीत नाही. नाकारता आले असते, तर हा अर्ज लिहिणे सोपे गेले असते.

३. अर्जदाराची आई मीराबाई पिपरी मेघे येथील खानावळीत पोळ्या लाटते. तिला वाचता येत नाही, परंतु बोलण्यात ती कोणाला हार जात नाही. मे महिन्यात ती दारात उभी राहून म्हणाली, “हे ऊन घरात येऊन ठाण मांडून बसलं पाह्य. आता च्या घेतल्याबिगर जाईन का थे?” अर्जदाराने लगेच लिहिले : पर्सनिफिकेशन, निर्जीवाला माणूस करणे. आणखी एकदा म्हणाली, “आजवर लाटलेल्या पोळ्या रांगेनं मांडल्या तं नागपूर येईन.” हायपरबोली, अतिशयोक्ती. तव्यावरचे तेल उडून हात कोपरापर्यंत भाजला, पंधरा दिवस पट्टी होती, त्या दिवशी ती म्हणाली, “चटका हाय जरासा.” हे अंडरस्टेटमेंट, म्हणजे मोठी गोष्ट लहान करून सांगणे. ते लिहिताना अर्जदारास रडू आले होते. अशी दोनशे पानांची वही दोन वर्षांत भरली. वर्गातल्या मुली वहीला ‘मीराबाईचं इंग्लिश’ म्हणत.

४. गेल्या जूनमध्ये ढोके सर घरी आले, चहा घेतला आणि दोन दिवसांसाठी म्हणून वही घेऊन गेले. ऑगस्टमध्ये विचारले तर “वाचतो आहे” म्हणाले. दिवाळीनंतर विचारले तर “कुठेतरी गहाळ झाली बघ, नवी वही आणून देतो” म्हणाले. त्यांनी नवी वही आणूनही दिली. ती कोरी होती.

५. गृहपाठातील उदाहरणे अर्जदाराने आठवणीतून लिहिली होती. मार्गदर्शिकेत वरील तिन्ही वाक्ये आहेत. भाजलेल्या हाताचे वाक्य ‘खानावळीत पोळ्या लाटताना हात भाजला की माझी आई म्हणत असे’ या शब्दांनी सुरू होते. येथे समितीच्या माहितीसाठी नमूद करणे भाग आहे की, सरांच्या मातोश्री कमलाबाई अर्जदाराच्याच वस्तीत, चौथ्या घरी राहतात. अर्जदाराने त्यांना ते पान वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “मी काऊन जाईन बापा खानावळीत पोळ्या लाटाले? हे तं मीराचं बोलणं हाय.” मग त्यांनी अर्जदारास जबाब लिहायला बसवले. “लिहून दे माहं नाव,” म्हणाल्या. “पोरगा माहा हाय, हे बोलणं माहं नाई.” अर्जदारास त्यांचे फार वाईट वाटले. अंगठा त्यांनी स्वतः दिला, कोणी दबाव आणला नाही.

६. दि. ५ मार्चच्या सुनावणीत समितीचे सदस्य लक्ष्मणराव सरांनी विचारले की, आईचे बोलणे आधी कुठे छापून आले होते काय? नाही. ध्वनिमुद्रण आहे काय? नाही. मग स्रोत काय? अर्जदाराने ‘आई’ असे उत्तर दिले. ते नोंदवहीत ‘स्रोत सांगता आला नाही’ असे लिहिले गेले. छापील पुस्तक पुरावा आणि जिवंत बाई पुरावा नाही, हा न्याय अर्जदारास उमगलेला नाही.

७. त्या सुनावणीत ढोके सर समितीचे सदस्य म्हणूनच बसले होते. कुंपणानेच शेत खाल्ले, हे अर्जदार एकवेळ सोसेल. पण तेच कुंपण पंच म्हणून खुर्चीवर बसले होते. बाहेर जिन्यात ते हळूच म्हणाले, “अंकिता, माफीनामा लिहून दे, मी सांभाळून घेतो.” त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरे झाले असते. ते मायेने बोलले, जसे प्रथम वर्षात बोलत. अर्जदाराने माफीनामा लिहिलेला नाही व लिहिणार नाही.

८. सबब विनंती की, अर्जदाराच्या आईस समितीपुढे बोलवावे. दुपारी तीन ते पाच तिला सवड असते. काय विचारायचे ते आधी कळवू नये, नाहीतर ती मुद्दाम चांगले बोलू लागेल आणि काही कामाचे निघणार नाही. तिला खुर्ची द्यावी, खानावळीच्या मालकाचा विषय काढावा आणि सदस्यांनी पेन हाती घेऊन बसावे. नंतर तीच खुर्ची ढोके सरांना द्यावी व त्यांच्याकडून तसे एकच नवे वाक्य मागावे.

९. शेवटी एक दुरुस्ती. मार्गदर्शिकेच्या पान ६१ वर ‘अलंकार नसलेले साधे विधान’ याचे उदाहरण म्हणून एक वाक्य छापले आहे : “सर आपलेच हायेत, वही त्यायच्याकडं राह्यली काय अन् आपल्या घरी राह्यली काय, सारखंच.” सर वही न्यायला आले आणि अर्जदार देऊ की नको करीत उभी राहिली, तेव्हा आई आतून हे म्हणाली होती. सर चहा पीत असताना अर्जदाराने ते वहीच्या शेवटच्या पानावर, याच शीर्षकाखाली लिहिले आणि वही त्यांच्या हाती दिली. सरांनी उतरवून घेताना ते वाचले असावे असे वाटत नाही. अर्जदाराने हे पान आईस अद्याप वाचून दाखवलेले नाही.

तरी पुढील आवृत्तीत सदर वाक्य तेथून काढून आयरनी, म्हणजे बोललेले उलटे ठरणे, या प्रकरणात घालण्याचे आदेश प्रा. ढोके यांना व्हावेत.

आपल्या महाविद्यालयाची अद्याप विद्यार्थिनी असलेली,

अंकिता मीराबाई ताकसांडे
नालवाडी, वर्धा
दि. १० मार्च २०२५

सोबत :
१. नोटिशीची प्रत
२. मार्गदर्शिकेची पाने
३. श्रीमती कमलाबाई ढोके यांचा जबाब, अंगठ्यासह