पलीकडच्या काठावरून

मुक्काम पालशेत,
मार्गशीर्ष, सन १९३४

प्रिय काशी हिस,

अनेक आशीर्वाद. दादानं हट्टानं तुला शाळेत घातलं, म्हणून आज हे तुला थेट लिहिता येतंय. एकटी असशील तेव्हा वाच. यजमानांना मागाहून सांग, सासूबाईंना नको.

दादा कसा गेला, हे तू निरोपातून विचारलं होतंस. भाद्रपद संपता संपता गलबत पाण्यात लोटायची तयारी चालली होती, तेवढ्यात त्याला ताप भरला तो उतरलाच नाही. शेवटी शुद्ध नव्हती. मला खलाशी समजून शिडाची दोरी आवळायला सांगत होता. अग्नी मीच दिला, काशी. राख खाडीच्या मुखाशी मीच सोडली. दहाव्याला पिंड ठेवून मागे सरतोय तोच कावळा शिवला. सगळे म्हणाले, केरूची कसलीच इच्छा राहिली नव्हती, सुटला बिचारा.

बाबा गेले तेव्हा त्याला नीट मिसरूडही फुटलं नव्हतं, पण आपला बाप तोच झाला. ‘आधी काशीचं होऊ दे’ म्हणत स्वतःचं लग्न लांबवत राहिला. गलबत दाभोळला लागलं की चालत यायचा, नि पलीकडच्या काठावर उंडीच्या झाडाखाली उभा राहून होडीसाठी हाक घालायचा. तू पुढ्यातलं ताट टाकून धावायचीस.

गेल्या महिन्यात एका भर दुपारी ओहोटी लागली होती. मी अंगणात जाळं शिवत बसलो होतो. पलीकडून हाक आली, “विठू, होडी आण रं!” मी वल्हं उचलून चार पावलं गेलोसुद्धा, नि मग आठवलं. वळून बघतो तर आई दारात उभी, हात पिठानं भरलेले. म्हणाली, “जा ना. उन्हात उभाय तो.”

मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा हाक. मग रोजच. आईनं जेवण सोडलं. “त्याला पलीकडं ठेवून माझ्या घशाखाली घास कसा उतरंल?” एवढंच म्हणायची. शेजारच्या सगुणाकाकीनं देवळातला अंगारा आणला, तो आईनं उंबऱ्याला लावू दिला नाही. तिची हाडं दिसायला लागली, तेव्हा मी होडी सोडली.

पलीकडे कुणी नव्हतं. उंडीखाली नुसती सावली. मी उगाच मोठ्यानं म्हणालो, “चल, दादा.” आणि होडी पुढून दबली. तो उडी मारून बसायचा तेव्हा दबायची, तेवढीच. वल्हं जड झालं. डांबराचा नि तंबाखूचा वास आला. मी पुढं बघितलंच नाही, पाण्यावर नजर ठेवून वल्हवत राहिलो. आधी रडू आलं, मग मी बोलायलाच लागलो. गाय व्यायली, वादळात मागचा माड पडला, सगळं सांगितलं. ‘तू गेलास’ एवढं मात्र तोंडातून फुटेना. मला वाटतं, ते त्याला अजून कुणीच सांगितलेलं नाही.

अलीकडे टेकलो नि होडी एकदम हलकी होऊन वर आली. आई ऊन पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं रिकाम्या पायरीवर पाणी ओतलं. ते सरळ खाली आलं नाही, काशी. दोन पावलांना वळसे घालून आलं.

तेव्हापासून हाक बंद आहे. आई जेवते, जात्यावर गुणगुणते. तिघांचा भात रांधते. दादाच्या पाटाला माझा पाय लागला तर मीही नमस्कार करतो. माणसाला कशाचीही सवय होते.

हे सगळं मी तुला कधीच कळवलं नसतं. पण आज सकाळी खुंट्याला होडी नव्हती. आईला विचारलं, तर तुळशीला पाणी घालता घालता म्हणाली, “केरू गेलाय काशीला आणायला. सातवा लागला ना तिला. पहिल्या बाळंतपणाला मीच घेऊन येईन, असा शब्द दिलान त्यानं तिला.” सगुणाकाकीचा धाकू आत्ता तुमच्या आंजर्ल्याकडे निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतो. मागोमाग मी येतोय, पण खुष्कीच्या वाटेनं, चालत. तोवर तू बंदराकडे फिरकू नकोस. कुणी खालून हाक मारली, अगदी त्याच्याच आवाजात मारली, तरी ओ देऊ नकोस. तो तुझं वाईट कधी चिंतणार नाही. पण तुला न्यायचं ते घर कोणतं, हे आता त्याला तरी ठाऊक असेल का? हाक ऐकलीस की तुझं पाऊल आपसूक होडीत पडेल, म्हणून सांगतो. दाराला आतून कडी घाल. मी आलो की दार ठोठावीन, बाहेरून हाक मारणार नाही.

तुझाच,
विठूभाऊ