डिसेंबरपर्यंत थांबा

१८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा एका रिकाम्या फ्लॅटच्या दारात चपला काढून ती आत आली, ओट्यावरून हात फिरवला आणि इथे दुपारी ऊन कुठवर येतं असं मला विचारलं. त्या क्षणी माझं सगळं बदललं. हसू नकोस. कॉलेज सोडलं तेव्हाही इतका हललो नव्हतो.

ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. ती आणि तिची आई, दोघींसाठी घर शोधतेय. आमच्या एजंट साहेबांनी तिला घरं दाखवायचं काम माझ्यावर सोपवलंय. परीक्षा संपल्यामुळे सध्या घरं बघणाऱ्यांची झुंबड आहे, भाव चढलेत. मी तिला सांगितलं की घाई करू नका, डिसेंबरपर्यंत थांबा, थंडीत गिऱ्हाईक नसतं, विकणारे कंटाळलेले असतात. तिला पटलं. साहेबांना कळलं तर मला उभा सोलतील.

मी राहतो ते आपलं घर विकायचं तू विचारलं होतंस. आत्ता नको, ताई. सगळेच विकायला काढतात, त्या गर्दीत आपल्याकडे कोण बघणार? सुट्ट्या संपू देत. आणि खरं सांगू? माझ्याकडे डिग्री नाही, नोकरी ही अशी. आईबाबांनी आपल्या दोघांना ठेवलेल्या या घरातला निम्मा वाटा तेवढा आहे. तिला घर हवंय आणि माझ्याकडे घर आहे. तिला विचारण्याइतका धीर येईपर्यंत तरी ते राहू दे.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो उन्हाळाभर पुरवून वापर.

तुझा
तडतड्या

---

३ मे

चि. तडतड्यास,
अ. उ. आ.

फोनवर तू दुसऱ्या वाक्याला भडकतोस, म्हणून पत्रच बरं. तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा हसायला आणि एकदा समजायला. समजलं नाहीच. तिला सांगतोस की आत्ता भाव चढलेत, आणि त्याच पानावर मला सांगतोस की आत्ता विकू नकोस. अरे, चढलेत तर विकायला नकोत का? अर्थशास्त्र सोडून आलास ते नेमकं कुठल्या पानावर?

थट्टा पुरे. सासूबाई पडल्यापासून तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेल्या नाहीत. खिडकीशी खुर्ची टाकून बसतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या नुसत्या डोक्यांवरून माणसं ओळखतात. हेही खालून जाताना चुकूनसुद्धा वर बघत नाहीत, त्यांनाही ते बघवत नाही. तळमजल्यावर घर घ्यायचं तर आपलं ते घर विकल्यावाचून जमणार नाही.

तुझा जीव जडलाय, कळतं मला. सुट्ट्या संपेपर्यंत थांबते. पण तुझ्याकडे घर आहे हे तिला माहीत तरी आहे का?

जेवत जा वेळेवर. माया आहे तशीच आहे, गृहीत मात्र धरू नकोस.

तुझी
ताई

---

२० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. सध्या बाजार पार झोपलाय. पावसाळी हवेत भिंतींना ओल येते, घरं रडकी दिसतात, आपलंही दिसतंय. आत्ता काढलं तर मातीमोल जाईल. थंडी सरली की बघू. तू म्हणशील, एप्रिलात नको, ऑगस्टात नको, डिसेंबरातही नको, मग कधी? मलाही तेच कळेनासं झालंय. साहेबांना विचारलं तर म्हणाले, गिऱ्हाईक दारात उभं असतं तो हंगाम.

तिला दर रविवारी एक घर दाखवतो. ती सरळ फरशीवर बसते, चष्मा काढते आणि सगळीकडे बघते. म्हणते, बारीकसारीक दिसेनासं झाल्यावरही जे आवडेल ते घर घ्यावं. तिला एखादं आवडतंय असं दिसलं की मी लगबगीनं सुरू होतो: नळाला पाणी नाही, वरच्यांचा कुत्रा भुंकतो, जिन्यात दिवा नाही. गेल्या खेपेला तिनं विचारलं की मी घरं विकतो की वाचवतो. हसून विचारलं की चिडून, ते अजून माझं ठरत नाही. मग मी धीर करून म्हणालो की माझ्या माहितीत एक घर आहे, पण ते दाखवण्यातलं नाही. ती तडक बस स्टॉपकडे चालू लागली, मागे वळूनही न बघता. मी काय चुकीचं बोललो गं?

सासूबाईंना नमस्कार. तुझा लोभ आटला नसेल असं धरून चालतो.

तुझा
तडतड्या

---

९ डिसेंबर

चि. तडतड्यास,
अ. उ. आ.

तू साहेबांबरोबर बाहेरगावी होतास तेव्हा मी तिकडे येऊन गेले. शेजारच्या काकूंकडून किल्ली घेतली. पेपरात जाहिरात मीच दिली होती. तुला सांगितलं असतं तर तू मला पुन्हा थांबवलं असतंस. इकडे परवा सासूबाईंनी विचारलं की खालच्या दुकानाच्या दारावरची घंटा अजून वाजते का. मला त्यांच्याकडे बघवेना.

पहिल्याच दिवशी मायलेकी आल्या. लेक मधल्या खोलीत फरशीवर बसली आणि तिनं चष्मा काढला. मी ओळखलं! चहा टाकायच्या निमित्तानं आत पळाले. बाहेर येते तर ती तुझ्या खुर्चीवरच्या निळ्या शर्टाकडे बघत होती. म्हणाली, हा शर्ट मी रविवारी बघते. मग घर कुणाचं ते सांगावंच लागलं. तुझ्या मनातलं नाही सांगितलं, शपथ. ती म्हणाली की त्या मुलानं तिला डिसेंबरपर्यंत थांबायला सांगितलं होतं. मी म्हणाले, त्याच मुलानं मला डिसेंबरात विकू नको म्हणून बजावलंय. आम्ही इतक्या हसलो की तिची आई घाबरली.

मग ती एकदम गंभीर झाली. तिला वाटत होतं, तिनं या शहरात राहूच नये अशी तुझी इच्छा आहे, म्हणून तू एकेक घर मोडीत काढतोस. हे घर तिला आवडलंय. पण घेऊ की नको ते त्यानंच येऊन सांगावं, म्हणाली, आणि एकदा तरी सरळ सांगावं. नको म्हणालास तर ती दुसरीकडे बघेल.

विक्रीचे कागद तिथल्या टेबलाच्या खणात ठेवलेत. माझी सही झालीय. तुझ्यावर जबरदस्ती नाही, पण सासूबाई आहेत हे विसरू नकोस. माया आहे, धीर तेवढा संपलाय.

तुझी
ताई

---

१३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी भडकलो. तुझ्यावर, तिच्यावर, त्या शर्टावर. साहेबांवरही, त्यांचा काडीचा संबंध नसताना. मग कागद बाहेर काढले, आत ठेवले, पुन्हा काढले.

नको म्हणालो तर घर राहतं, पण ती दुसऱ्या कुणाच्या तरी फरशीवर जाऊन बसणार आणि सासूबाई खिडकीतच. घ्या म्हणालो तर रविवार संपले. शिवाय तिच्यापुढे उभं राहायला माझ्याकडे उरतं काय? आणि त्यानंच सांगावं याचा अर्थ तरी काय? असं गिऱ्हाईक एजंटला विचारतं, की मुलगी मुलाला? तू समोर होतीस. चहाचं लिहिलंस, शर्टाचं लिहिलंस, तिचा चेहरा कसा होता तेवढंच गाळलंस.

सही केली, कागद सोबत जोडलेत. अक्षर वाकडं आलंय, चालतं का बघ. सासूबाईंना म्हणावं, घंटा स्वतःच जाऊन ऐका.

तिचं दुकान उघडायची वेळ झाली. घ्या म्हणूनच सांगणार आहे. आणि या घराचं काही लपवणार नाही. एप्रिलात मागची खोली भट्टी होते, तेव्हा अंथरूण मधल्या खोलीत आणायचं. ऑगस्टात नळामागची भिंत फुगते, घाबरायचं नाही, ऑक्टोबरात आपली आपण सुकते. विकायचा महिना, घ्यायचा महिना, मला शेवटपर्यंत धड कळला नाही. या घराचे बारा महिने मात्र तोंडपाठ आहेत, तेवढे तिला सांगून टाकतो. ते सांगून झाल्यावर तिथेच उभं राहायचं की वळून चालू पडायचं, ते अजून ठरत नाही. तुला विचारलं असतं, पण तुझं उत्तर येईस्तोवर मी इथे थांबलो तर पुन्हा थांबतच राहीन.

उभ्यानंच लिहितोय, चप्पल पायात आहे. लोभ पातळ करू नकोस. निघालो, दार ओढून घेतोय.

तुझा
तडतड्या