आधी डोळा, मग पक्षी

४ मे

केर काढून झाला होता, डाळ शिजायला लावली होती, आणि मी बॉबिनांवर निळा दोरा भरत बसले होते. हे मशीनला तेल घालत होते. साधी सकाळ. तरी आज सकाळपासून तीच डोळ्यांसमोर आहे.

त्या दिवशी भरतकामाच्या मशीनचं नवं सॉफ्टवेअर आलं होतं. पडद्यावर करार उघडला – लांबच लांब, संपेचना. ह्यांनी तेलकट बोटानं 'मान्य आहे' दाबलं आणि म्हणाले, "हं, आता वाचा, मास्तर."

आमच्या कामाची वाटणीच तशी. हे आधी दाबायचे, मी मागाहून वाचायची. शाळा माझी चौथीतच सुटली. पुढचं शिक्षण औषधांच्या डब्यांतले कागद, इस्त्रीचं हमीपत्र आणि असले करार वाचून झालं. म्हणून मी 'मास्तर'. डाळ शिजेपर्यंत मी सगळा करार वाचला आणि ह्यांना सांगितलं – अहो, यात लिहिलंय की परवाना तुमच्यापुरताच आहे. तुम्ही गेलात की तोही संपला. आणि मशीनवर काढलेली चित्रंही त्याच्याबरोबर बंद.

"मग काय, मला जाताच येणार नाही," म्हणाले.

गेले. दोन वर्षं झाली.

आठवण यायला कारण झालं. आज मशीन सुरू केलं तर सूचना – या महिनाअखेरीपासून परवानाधारकाने दर महिन्याला कॅमेऱ्याला चेहरा दाखवायचा. 'आपल्या सुरक्षेसाठी.' कात्री घेतली तर कात्रीवाला दर महिन्याला दारात येऊन विचारत नाही, अजून तुम्हीच कापता ना म्हणून!

५ मे

सगळं नीट लिहून काढते, म्हणजे डोक्यातला गुंता तरी सुटेल.

मशीनवर खातं अजून ह्यांचंच आहे, हे गेल्याचं कंपनीला कळवलेलंच नाही. आपल्याला काय नावाने हाक मारू, असं त्यानं पहिल्या दिवशी विचारलं होतं. ह्यांनी चेष्टेनं 'राजे' लिहिलं. तेव्हापासून रोज सकाळी पडदा उजळतो आणि येतं – 'सुप्रभात, राजे.' मी दोन वर्षं राजांच्या नावावर काम करते आहे. मुलाला वाटतं आईला कटकट नको म्हणून. सुनेला वाटतं आई कंपनीवर रागावल्या आहेत म्हणून. दोन्ही खरं आहे. तिसरं मी कुणाला सांगितलेलं नाही.

आणि शाळेच्या गणवेशावरचे बिल्ले आहेत, दरवर्षी आम्हीच भरून देतो. बिल्ल्यावरचा खंड्या पक्षी ह्यांनीच मशीनवर रेखला. खातं बंद झालं की तो आत अडकणार. चित्र बाहेर काढता येत नाही, कंपनीनं कुलूप घातलं आहे. आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी नवे बिल्ले द्यायचे आहेत; किती, ते शाळा जून लागल्यावरच सांगते. शाळा गेली तर बाकी कामात काही राम नाही. उशांच्या अभ्र्यांवर फुलं काढत बसावं लागेल.

८ मे

पेपरात विज्ञानाचं पान. पूर्वी हे पान मी मोठ्यानं वाचायची आणि हे मशीनखालून "किती वर्षांत?" असं ओरडायचे. उत्तर ठरलेलं – पाच! उडणारी मोटार पाच वर्षांत. एका मिनिटात भरणारी बॅटरी पाच वर्षांत. मोटार पहिल्यांदा वाचली तेव्हा मुलगा शाळेत होता. आता त्याच्या डोक्यावरचे केस उडाले, मोटार अजून जमिनीवर.

आजचा शोध – बोलणारा फ्रिज. दूध संपलं की सांगतो. दूध संपलंय हे रिकामं पातेलंही सांगतं, तेही गप्प राहून.

माझ्या मते चष्म्यानंतर फारसा कुठला शोध लागलेला नाही. इस्त्रीला मान देते. बाकी बघू.

मोठ्यानंच वाचलं. सवय.

११ मे

सुनेच्या डोक्यात एक युक्ती आली. ती औषधाच्या दुकानात काम करते, घरी आली की चप्पल काढता काढताच बोलायला लागते. "आई, चेहराच हवाय ना त्यांना? मग बाबांचा फोटो धरू. यंत्राला काय कळतंय!"

फोटो शोधायला कपाट उपसलं. ह्यांचे फोटो म्हणजे एक गंमतच. दर फोटोत डोळे मिटलेले! लग्नात मिटलेले, मुलाच्या बारशाला मिटलेले. फोटोवाला आकडे मोजायला लागला की ह्यांच्या पापण्या जड व्हायच्या. आयुष्यात एकच फोटो उघड्या डोळ्यांचा आला, मशीन घेतलं त्या दिवशीचा. तो सापडला.

सुनेनं तो कॅमेऱ्यासमोर धरला. मी मागे उभी. पडद्यावर हिरवं वर्तुळ फिरलं, फिरलं, आणि अक्षरं आली – 'चेहरा ओळखला. आता कृपया डोळे मिचकवा.'

मग सून हसायला लागली, मग मी. पोटात दुखेपर्यंत हसलो. जन्मभर नको तेव्हा मिटले, आणि आज एकदा मिटा म्हटलं तर नाही!

फोटो परत कपाटात ठेवला नाही. दोऱ्यांच्या फळीवर ठेवला.

१२ मे

'चेहरा ओळखला,' म्हणालं. ओळखलं म्हणे!

१४ मे

कंपनीला फोन केला. आधी यंत्र बोललं. तुमची अडचण थोडक्यात सांगा म्हणालं. मी थोडक्यात सांगितली – नवरा वारला. 'धन्यवाद, आपल्याला नवीन प्रिंटर हवा आहे का?' पुन्हा सांगितलं. पुन्हा प्रिंटर. तिसऱ्या खेपेला मी गप्पच बसले, तेव्हा जिवंत मुलगी आली लाइनवर. गप्प बसणं त्याला कळतं तर!

मुलगी बरी होती. 'मॅडम' म्हणून सुरुवात केली आणि थोड्या वेळानं 'काकू'वर आली. तिचं म्हणणं, परवाना दुसऱ्याच्या नावावर होत नाही. ह्यांचं खातं बंद करायचं आणि त्याच मशीनवर माझ्या नावानं नवं उघडायचं. एका मशीनला एकच खातं. जुनी चित्रं येणार नाहीत. मी विचारलं, गिऱ्हाईक गेल्यावर काय करायचं याचा विचार कुणी केलाच नाही का? ती हळूच म्हणाली, "काकू, आमच्याकडे खातं बंद करायची चार कारणं आहेत. त्यात ते नाहीच. मी 'सेवा आवडली नाही' असं टाकू का?"

टाक म्हटलं. खोटं नाही. पण इतक्यात नको म्हटलं. महिनाअखेरीपर्यंत थांब.

१८ मे

आज कंपनीचा विक्रेता येऊन गेला. फोन केल्याचा हा परिणाम. बूट चकचकीत, बोलणं त्याहून. नव्या सॉफ्टवेअरला बुद्धी आहे म्हणे. बिल्ल्याचा फोटो दाखवा, खंड्या ते स्वतः रेखेल. पंचिंग करायची गरजच नाही. पंचिंग म्हणजे कुठला टाका कुठून कुठे जाईल हे मशीनला एकेक करून सांगणं. ह्यांना एका खंड्याला आठवडा लागला होता.

विक्रेत्यानं बरोबर आणलेल्या मशीनला पाच मिनिटं लागली. खोटं कशाला लिहू, टाके सुरेख होते. मी भिंग लावून बघितले. पण खंड्या! ह्यांचा खंड्या दचकलेला आहे. डोळा असायला हवा त्याहून जरा वर, त्यामुळे नुकतंच कुणी तरी मागून भोंगा वाजवलाय असा चेहरा. शाळेतली मुलं त्याला दचक्याच म्हणतात. आणि हा नवा? डोळा जागेवर, चोच सरळ, पंख मोजून सारखे. कुठल्या तरी कचेरीत कायम झालेला खंड्या.

"बघा, चूक आपोआप सुधारली," विक्रेता म्हणाला.

"चूक आहेच," मी म्हटलं. "पण ती आमच्या घरची आहे. ती सुधारायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला, येत्या पाच वर्षांत भरतकामाला हात लागणारच नाहीत. पाच! मी फळीवरच्या फोटोकडे बघितलं नाही, नाही तर त्याच्यासमोरच हसू फुटलं असतं.

१९ मे

मुख्याध्यापिकाबाईंना नवा खंड्या नेऊन दाखवला. उगाच माझा हट्ट नको. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "हा कोण?" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आम्हाला दचक्याच हवा. तुम्हाला जमत असेल तर तुमच्याकडून, नाही तर यंदा बिल्ल्याविना चालवू."

रागावल्या नव्हत्या. तेच जड गेलं.

२० मे

ठरलं. पंचिंग मी शिकणार. या वयात! बिल्ला भिंगाखाली धरायचा, टाका न् टाका चौकटीच्या कागदावर उतरवायचा. कागदाला कुणाचं कुलूप नाही. मग ह्यांचं खातं बंद करायचं, माझं उघडायचं आणि कागदावरून खंड्या परत मशीनमध्ये घालायचा. सुनेला सांगितलं. म्हणाली, "आई, डोळे जातील." म्हटलं, चष्मा आहे. तोच एक खरा शोध आहे.

२१ मे

शेपूट झालं.

२३ मे

पंख. डावा सोपा. उजव्यात ह्यांनी मध्येच टाका उलटा फिरवलाय. तेव्हा कुणी तरी दार वाजवलं असणार.

२५ मे

पूर्ण झाला! म्हणजे मला वाटलं झाला. सून जेवायला बोलवायला आली आणि कागदाकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "आई, सगळं बरोबर आहे. पण हा दचकला नाहीये."

खरंच! सगळे टाके बिल्ल्यावरून घेतले, आणि डोळा मात्र हातानं आपोआप जिथे शोभेल तिथे ठेवला. म्हणजे मी आणि ते बुद्धीवालं यंत्र एकाच शाळेतले. फार वाईट वाटलं. जेवले मात्र नीट. भेंडीची भाजी होती.

२६ मे

ह्यांच्या खात्यातून चित्र बाहेर काढता येत नाही, पण पडद्यावर बघता येतं. टाके ज्या क्रमानं पडतात त्या क्रमानं दाखवतं. दोन वर्षं रोज काम केलं, हे कधी बघितलं नव्हतं. आज बघितलं.

सगळे आधी अंग भरतात. मग पंख, मग चोच, आणि डोळा सगळ्यांत शेवटी. अंदाज येतो तेव्हा कुठे तो ठेवायचा याचा. ह्यांनी डोळा सगळ्यांत आधी काढलाय! रिकामा पडदा आणि त्यावर एक काळा ठिपका. मग त्याच्याभोवती डोकं, मग मान. त्याला जागा करून देत देत सगळा पक्षी. म्हणून तो वर गेला. आधी दाबायचं आणि मागून वाचायचं, तसंच हेही!

मी चार वेळा बघितलं. ठिपका आला की दर वेळी वाटायचं, आता हे मागे उभे आहेत आणि म्हणणार, कसा जमलाय?

नवा कागद घेतला. आधी डोळा मांडला.

२८ मे

झाला. या खेपेला सुनेला आधी काही सांगितलं नाही, नुसता कागद समोर धरला. "दचकला!" म्हणाली. तिनंच आवाज केला, शेजारीपाजारी ऐकतील इतका.

आता एक बटण तेवढं उरलं. 'खातं कायमचं बंद करा.' सुनेनं विचारलं, करू का? मी म्हटलं मशीनला तेल घालायचंय आधी. तेल घातलं. मग बॉबिना भरल्या. मग बॉबिनांचा डबा पुसला. ती दाराशी टेकून बघत होती. मग म्हणाली, "आई, ते सकाळी राजे म्हणतं, म्हणून ना?"

मी म्हटलं हो.

ती जवळ बसली. म्हणाली, नव्या खात्यातही राजेच लिहा की, कोण विचारतंय! विचार केला. पण राजे म्हणून मीच उत्तर द्यायचं? दोन वर्षं दिलं. पुरे झालं ते. आणि तसा मला तो मान झेपतही नाही.

उद्या सकाळी एकदा 'सुप्रभात, राजे' बघेन आणि मग बंद करीन.

२९ मे

बघितलं. बंद केलं. नव्या खात्याचा करार आला, लांबच लांब. आधी 'मान्य आहे' दाबलं, वाचीन सावकाश. काय नावाने हाक मारू विचारलं तिथे 'मास्तर' लिहिलं, आणि पहिला डोळा काढला.